बेलग्रेडच्या हाटेलात मी ‘ने’ म्हणले

त्या सांजच्याला त्या टेबलावर आमी सहा जण व्हतो. मी, कौसाबाई. माझा धाकटा लेक बालाजी, तो तिकडं सर्बियात बांधकामावर गवंडी हाय. त्याची बायको येलेना, तिकडचीच. येलेनाची माय लुबिका, म्हंजी माझी इहीणबाई. तिनं जलमभर बालवाडीत लेकरं सांभाळली, आता घरीच आसती. आमच्या केजचा सलीम, तिकडं बसगाड्या दुरुस्त करतो, त्याच्याच संगं मी इमानानं गेलते. आन् मीना, माझी नात, दोन वर्साला थोडी कमी. वाजवणारे तिघं मागून आले. त्ये आमच्यातले न्हाईत, पर त्यांचंबी नाव घ्यावं लागतंय.

गावातल्या बाया इचारत्यात, कौसाबाई, तिकडं कसं हाय? मी चौथी शिकलेली बाई, मला काय झ्याक सांगता येत न्हाई. जसं झालं तसं सांगते.

आधी एक सांगते. मी भित्री न्हाई. बारा गावचं पाणी पिलेली हाय. वीस वर्सं ऊस तोडला. पायाखालून साप गेला तरी कोयता थांबला न्हाई. बालाजी मला कारखान्यावर पाचटाच्या झोपडीत, कोपीतच झाला. त्याच्या आधीची एक पोरगी तिथंच तापात माझ्या मांडीवर गेली. दवाखाना लांब व्हता, गाडी न्हाई मिळाली. दुसऱ्या दिशी मी फडात गेले. आसं समदं झालेलं हाय. पर तिकडं जाऊन यीस्तवर जेवढं भ्याव वाटलं, तेवढं कवाच वाटलं न्हाई.

जाताना

केजहून एसटीनं मुंबई, मुंबईहून इमान, मधी एका वाळूच्या मुलखात दुसरं इमान. नुसतं बसणंच हाय त्यात. तरी चालत्या पायऱ्यांचं सांगते. लोखंडाच्या पायऱ्या जमिनीतून निघत्यात आन् वर जाऊन परत जमिनीत जात्यात. माझं लुगडं त्यात गेलं तर मी पण जाईन आसंच मला वाटलं.

सलीम म्हणला, "काकू, डोळे मिटा आन् पाय टाका, कुच न्हाई होत."

मी म्हणले, "डोळे मिटून हिरीत उडी मारत्यात रं बाबा."

त्यानं मला फिरवून साध्या पायऱ्यांनी नेलं. त्याचं कपाळ घामानं भिजलं, माझी पिशवी लई जड व्हती. त्यात जवसाची चटणी, काळा मसाला, खारोड्या आन् मीनाला दोन झबली.

तिकडं उतरल्यावर काचंमागं एक साहेब बसला व्हता. त्यानं पासपोर्टातला माझा फोटू बघितला, मंग मला बघितलं, परत फोटू बघितला. काय तरी इचारलं. सलीम दुसऱ्या लाइनीत. मी हात जोडले आन् म्हणले, "लेकाकडं चाललेय बाबा, नात बघायची हाय." त्याला काय कळलं ते त्यालाच ठाव, शिक्का मारला.

गाव लई मोठं. दोन नद्या मिळत्यात तिथं. आपलं पालीचं धरण भरल्यावर जेवढं पाणी दिसतं, तेवढं पाणी तिथं नुसतं वाहून चाललेलं. आपल्याकडं तवा ऊन पोळत व्हतं, आन् तिकडं तोंडातून वाफ निघत व्हती. मी दोन लुगडी येकावर येक नेसले.

इहीणबाईच्या घरी

इहीणबाई आंगानं दांडगी, गाल लाल, डोक्याला रुमाल. तिनं मला धरलं आन् या गालाला, त्या गालाला, परत या गालाला मुका घेतला. आपल्यात इहिणी गळाभेट घेत्यात, पर तीनदा मुके? मी खांबासारखी उभी ऱ्हायले.

मंग तिनं मीनाला काखंत घेतलं. त्ये काय परत खाली ठिवलं न्हाई.

मीनाचे डोळे बालाजीचे हायत. रंग सुनंचा. मी हात पुढं केले तर लेकरानं आजीच्या मानंत तोंड खुपसलं. आजीनं तिला आणखी आवळून धरलं. मी मनात म्हणले, वळख न्हाई, होईल. पर दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मी जवळ गेले की इहीणबाई लेकरू घेऊन उठायची.

त्यांच्या बोलण्यातलं मला काय कळणार? मीना बापाला ‘ताता’ म्हणायची आन् आजीला ‘बाबा’. मी बालाजीला इचारलं, "बाईमाणसाला बाबा कावून म्हणती रं?" तर म्हणला, त्यांच्यात बाबा म्हंजी आजी. बरं म्हणलं. दोन शब्द मात्र मी माझे मीच वळखले. एक ‘दादा’. इहीणबाई फोनवर, दारात, लेकीसंगं, समद्यांला दादा म्हणायची. मला वाटलं, चांगलं वळण हाय. दुसरा ‘ने’. मीनाच्या हातात तिनं कात्री बघितली की म्हणायची, "ने, ने, ने," आन् येलेना येऊन कात्री घेऊन जायची. आपलाच शब्द की! इचारायची गरजच वाटली न्हाई.

एका दिशी बालाजी मला सैपाकघरात घेऊन गेला, दार लोटलं.

"माय, मीनाला ‘चल केजला, चल केजला’ आसं म्हणू नको."

"लाडानं म्हणते रं."

"इहीणबाईला केज एवढा शब्द कळतोय. तिला वाटतंय, तू लेकरू न्यायला आलीस. कुणीतरी भरवलंय तिच्या डोक्यात, की तिकडले लोक लेकरू नेत्यात आन् परत धाडत न्हाईत."

मी भितीला टेकले. मी तिला भेत व्हते, आन् ती मला.

बालाजी म्हणला, "हिवाळ्यात आमाला गावाकडं यायचंय. पर तिच्या मायला दुखवून येलेना यायची न्हाई. उद्या तुझ्या इहीणबाईनं समद्यांला हाटेलात जेवायला बोलवलंय. तुला बघायचं आसंल तिला. नीट होऊ दे माय. न्हाई तर मीना आपल्या दारात यायची न्हाई."

मी म्हणले, "मी तोंडच उघडत न्हाई."

चाक टांगलेलं हाटेल

जुन्या गावात एक चढाची गल्ली हाय, खाली समदे गोल गोल दगड. चालताना पाय मुरगळतो. नारायणगडाच्या जत्रंत जशी माणसं काय घेत न्हाईत, नुसती हिंडत्यात, तशी तिथं देशादेशाची माणसं फोटू काढत हिंडत व्हती. दोन्ही अंगाला हाटेलं, दारात फुलांच्या कुंड्या.

आमचं हाटेल म्हंजी आत शिरलं की भितीला गाडीचं चाक. खरंखुरं, लाकडाचं, लोखंडी धाव चढवलेलं. बाजूला चाळण, विळा, जू, लाल मिरच्यांच्या माळा.

मी तोंड उघडणार नव्हते, पर ऱ्हावलं न्हाई. "बालाजी, हे समदं आपल्या गोठ्यात पडलंय की. ह्यांनी भितीला कावून टांगलंय?"

"लोक बघाया येत्यात माय."

सलीम म्हणला, "काकू, परत गेल्यावर तुमच्या गोठ्यालाबी बोर्ड लावू. बाल्याला दारात उभा करू, मिशी लावून."

"गप बे," बालाजी म्हणला.

मिशीवाला खरंच व्हता. कशिदा काढलेली बंडी घातलेला वाढपी. त्यानं आधी लाकडाच्या ताटात गोल पाव आन् मीठ आणलं. पाव्हण्यानं तुकडा मोडायचा, मिठाला लावायचा, खायाचा. इहीणबाई माझ्या तोंडाकडं बघत व्हती. माझ्या गळ्यात तुळशीची माळ. मालक गेल्यावर नारायणगडावर घातलेली, तवापासून काढलेली न्हाई. पावात चरबी आसली तर? सलीम हळूच म्हणला, "खावा काकू, पीठ, पाणी आन् मीठ. मी बी इचारूनच खातो." त्याला डुकराचं चालत न्हाई, मला कशाचंच न्हाई. "आज तुमी आन् मी एकाच पंगतीत," म्हणला. मी खाल्लं.

येलेनानं वाढप्याला सांगितलं, ह्या बाईला उपासाचं आण. त्यांच्या धर्मातबी उपास आसत्यात. मटण न्हाई, दूध न्हाई, अंडं न्हाई. मला बरं वाटलं. थोड्या येळानं त्यानं माझ्यापुढं ताट ठिवलं, तर त्यात आख्खा मासा! डोळ्यासकट. माझ्याकडंच बघत व्हता. मी माळ मुठीत धरली आन् खुर्चीसकट मागं सरले. मागं भीत.

इहीणबाई उठून उभी ऱ्हायली. "ने! ने, ने, ने!" आसं वाढप्याला म्हणली, हात हलवला. त्यानं निमूट ताट उचलून नेलं.

बघा, मी मनात म्हणले. ने म्हणली, नेलं.

बालाजी म्हणला, "माय, त्यांच्या उपासाला मासा चालतो."

"आसला कसला उपास?"

सलीम म्हणला, "मासा पाण्यावरच ऱ्हातो ना काकू. जलमभर उपाशीच."

मी हसले. इहीणबाईनं येलेनाला इचारलं, ही कावून हसली. येलेनानं सांगितलं, आन् तीबी हसली. तिचे दात मी पहिल्यांदा तवा बघितले.

मंग आलं ते खायाजोगं व्हतं. मक्याची जाड भाकरी, चौकोनी कापलेली. मातीच्या भांड्यात भट्टीत शिजवलेला मोठा पांढरा घेवडा. लाल मिरची भाजून, सोलून, वाटलेली; आपल्या ठेच्यासारखी दिसती, पर तिखटपणा बिलकुल न्हाई, गोड. काकडी-टमाट्याची कोशिंबीर, वर पनीरासारखं काय तरी किसलेलं, ते मी बाजूला सारलं. त्या किसावर काळी काळी फळं ठिवलेली. मला वाटलं जांभळं हायत, मागून कळलं त्याला ऑलिव्ह म्हणत्यात.

मी पिशवीतली जवसाची चटणी काढली आन् भाकरीवर घेतली. इहीणबाईनं बोट दाखवलं. मी चिमटभर दिली. तिनं तोंडात टाकली, डोळ्यात पाणी आलं, खोकली, टेबलावर हात आपटला आन् म्हणली, "दादा! दादा!" परत हात पुढं केला.

आन् मंग तिनं ते केलं. मांडीवरचं लेकरू उचललं. येलेनाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. टेबलावरून पुढं करून माझ्या मांडीवर ठिवलं. पर हात काढायला लई येळ लावला. मी हललेबी न्हाई, लेकरू रडलं तर परत घील म्हणून. मीना रडली न्हाई. माझी माळ तिला दिसली. तिनं एक हात माळंत घातला, मूठ वळली आन् मणी बघत बसली. तिच्या डोक्याला दुधाचा वास येत व्हता. बालाजीनं माझ्याकडं बघून मान हलवली, म्हंजी जमलं.

तेवढ्यात ते वाजवणारे आले. एकाच्या छातीला पेटी बांधलेली, एकाजवळ सारंगी, एकाजवळ माणसाएवढं तुणतुणं. बरूबर माझ्या खुर्चीजवळ उभे ऱ्हायले आन् एकदम मोठ्यांदा सुरू झाले. मीनानं दुसऱ्या हातानं माझ्या ताटातलं काळं फळ उचलून तोंडात टाकलं व्हतं. आवाजानं ती दचकली. तिचं दचकणं माझ्या पोटाला लागलं.

मंग ती गप झाली.

रडली न्हाई, खोकली न्हाई. तोंड उघडं, आवाज न्हाई. डोळे मोठे. व्हटाची कड काळसर झाली. समदे वाजवणाऱ्यांकडं बघत व्हते, टाळ्या पिटत व्हते. मी पाठीवर थापटलं, काय न्हाई. मला ते तोंड ठाव व्हतं. कोपीत माझ्या मांडीवर बघितलेलं.

समोरून इहीणबाईनं माझं तोंड बघितलं. ती उठली, टेबलावरून दोन्ही हात पुढं केले. तिला कळतंय, तिनं आसली लेकरं किती सांभाळली आसतील. मी लेकरू उचलाया गेले, तर मीनाची मूठ माळंत आवळलेली, निघंना. मागं भीत, पुढं टेबल, मला उभं ऱ्हाता येईना. मी वरडले, "ने! ने माय, ने! ने!"

इहीणबाईचे हात मधीच थांबले.

तिचं तोंड बदललं. ती माझ्याकडं आसं बघाया लागली, जसं मी लेकराचा गळाच धरलाय. मला कळंना, ही घेत कावून न्हाई. मी आणखी मोठ्यांदा म्हणले, "ने! ने!" तिनं हात थोडे मागं घेतले. मीनाची मान माझ्या हातावर कलली.

मंग मी माळंला हात घातला आन् तोडली. मणी ताटात, खाली, वाजवणाऱ्यांच्या पायात उडाले. मी लेकरू टेबलावरून, भांड्यांवरून तसंच लोटलं. घेवड्याचं भांडं उलथलं. इहीणबाईनं झेललं, खुर्चीवर बसली, मीनाला हातावर पालथं घातलं, डोकं खाली केलं, आन् तळहातानं पाठीत मारलं. मारलं. परत मारलं. गाणं बंद पडलं.

काळं फळ आख्खं बाहीर पडलं, मक्याच्या भाकरीवर.

मीना रडली. आसलं रडली की बाहीरून माणसं आत डोकावली. मी खुर्चीवरून घसरून खाली बसले. लेकरू रडतंय, रडू दे. जलमात मला रडणं एवढं गोड लागलं न्हाई.

खाली बसून

येलेना लेकरू छातीशी धरून बाहीरच्या हवंत उभी. सलीम मला पाणी पाजत व्हता. इहीणबाई बालाजीला भराभर काय तरी इचारत व्हती, माझ्याकडं बोट करून.

बालाजी खाली वाकला. "माय, तू तिला ‘ने’ कावून म्हणालीस?"

"आरं मंग काय म्हणू? दे म्हणू? लेकरू ने म्हणले, ने!"

"माय, त्यांच्यात ‘ने’ म्हंजी न्हाई."

मला कळंना. "मंग मासा?"

"मासा नको म्हणली, म्हणून त्यानं नेला."

"आन् दादा?"

"‘दा’ म्हंजी हो."

बालाजीनं तिला सांगितलं. आमच्यात ‘ने’ म्हंजी घेऊन जा. मंग इहीणबाई बोलली, आन् बालाजीनं मला सांगितलं, "ती म्हणती, मला वाटलं ही बाई लेकरू मरू दील, पर माझ्या हातात द्यायची न्हाई."

मी म्हणले, "तिला सांग, तिनं माझा शब्द मानला आसता, तर लेकरू गेलं आसतं."

इहीणबाई उठली. मला वाटलं, आता ही घरी जाती. ती टेबलाखाली शिरली. एवढी दांडगी बाई, गुडघ्यावर. मंग मला दिसलं, ती मणी येचत व्हती. मिशीवाल्या वाढप्यानं हातबत्ती आणली. वाजवणाऱ्यानं छातीवरची पेटी काढून ठिवली आन् तोबी वाकला. जी ती पाव्हणी माणसं आपापल्या पायाखाली बघाया लागली. कुणी एक मणी आणून दिला, कुणी दोन. ती माळ काय हाय, त्यांला काय ठाव. इहीणबाईनं समदे मणी तिच्या रुमालात बांधले.

त्या रातीपून मीना माझ्या मांडीवर बसायची. इहीणबाई समोर बसून बघायची, पर उठून जायची न्हाई. जेवताना आमी दोघीबी मीनाच्या तोंडाकडंच बघायचो, आमचं ताट निवून जायचं.

परत

इमानतळावर सोडाया समदे आलते. इहीणबाईनं परत तीनदा मुके घेतले, या येळंला मीबी घेतले. मंग तिनं पिशवीतून रुमाल काढला. माळ ववलेली व्हती, लाल दोऱ्यात. पहिल्यापेक्षा आखूड, काय मणी घावले न्हाईत. तिनं ती माझ्या हातात ठिवली, माझी मूठ मिटली, आन् माझ्या डोळ्यात बघून, हळू, शिकून आल्यावाणी म्हणली,

"ने."

आपल्या बोलीत म्हणली. मी म्हणले, "दा."

येलेना म्हणली, हिवाळ्यात येतो, मायलाबी आणतो. फोनवर रोज बोलणं व्हतं. तरी कुणाच्या घरी लेकरू जेवताना ठसकलं की माझा घास हातातच ऱ्हातो.

आता एक मागणं हाय. मी मीनासाठी एक बारकी वाकळ शिवलीय, माझ्या लुगड्याची आन् बालाजीच्या लहानपणच्या कापडाची. तिकडं थंडी आपल्या आधी पडती. पारसलात टाकाया मला भ्याव वाटतं, वाटंत कुठं हरवली तर? सलीमला सुटी न्हाई. तुमच्यातलं कुणी तिकडं निघालं, तर केजच्या स्टँडवर गवंडी बालाजीच्या मायचं घर इचारा, कुणीबी दाखवील. वाकळ हलकी हाय, वझं व्हायचं न्हाई. तेवढी न्या.